बायोस अपडेट : कधी करायचं, कधी नाही

संगणकाच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो, "सर, बायोस अपडेट मारून बघू का?" मी उलट विचारतो, "कशासाठी?" यावर बहुतेकांचं उत्तर असतं, "मशीन सारखं हँग होतंय, म्हणून." काही जण याच्या अगदी उलट टोकाचे असतात. त्यांना अपडेट सुचवलं, तर ते हात जोडून म्हणतात, "नको नको, बोर्ड उडेल!" या दोन्ही माणसांचं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं आज समजून घेऊ.

संगणकाचं बटण दाबल्यापासून विंडोजचं चित्र दिसेपर्यंत काही सेकंद जातात. त्या वेळात काय होतं? प्रोसेसर जागा होतो तेव्हा त्याला काहीच ठाऊक नसतं. मेमरी किती आहे, डिस्क कुठे आहे, कीबोर्ड जोडला आहे की नाही, याचा त्याला पत्ता नसतो. मदरबोर्डवर नखाएवढी एक चिप असते. तिच्यात लिहिलेला प्रोग्रॅम त्याला हे सगळं शिकवतो, एकेका भागाची हजेरी घेतो आणि मग कारभार विंडोजच्या किंवा लिनक्सच्या हाती सोपवतो. हार्डवेअरमध्येच मुक्काम करणाऱ्या अशा प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात. मदरबोर्डवरच्या या फर्मवेअरचं प्रचलित नाव बायोस, म्हणजे बेसिक इनपुट आउटपुट सिस्टीम. हे नाव गॅरी किल्डॉल या अमेरिकन संगणकतज्ज्ञानं १९७० च्या दशकात रूढ केलं. आजच्या बोर्डांवर त्याची जागा यूईएफआय या नव्या पद्धतीनं घेतली आहे, पण लोकांच्या तोंडी अजून बायोसच आहे. आपणही तेच म्हणू.

पूर्वी हा प्रोग्रॅम कारखान्यातच चिपवर कायमचा कोरलेला असे. १९९० च्या दशकात पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या फ्लॅश चिपा आल्या. सोय झाली, तसा धोकाही आला. लिहिण्याचं काम चालू असताना वीज गेली, तर अर्धवट लिहिलेली चिप घेऊन बोर्ड मुका होऊन बसे. त्यातच २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या विषाणूनं, ज्याला चेर्नोबिल असंही म्हणत, आशियातल्या असंख्य संगणकांवर घाला घातला. तो डिस्कवरची माहिती तर पुसायचाच, पण काही बोर्डांवरचा बायोसही खराब करायचा. 'चालतंय ना, मग हात लावू नका' हा दुरुस्तीवाल्यांचा नियम त्या काळात पक्का झाला. त्या वेळी तो योग्यच होता.

मग बदललं काय? बायोसचं काम बदललं. पूर्वी हजेरी घेऊन तो बाजूला व्हायचा. आज प्रोसेसरला किती व्होल्टेज मिळावं, किती वॅटपर्यंत त्यानं वीज ओढावी, मेमरीनं कोणत्या वेगानं पळावं, हे ठरवणारे आकडे बायोसमध्ये असतात. प्रोसेसरच्या आतल्या बारीकसारीक सूचना, ज्यांना मायक्रोकोड म्हणतात, त्यांची दुरुस्तीसुद्धा बहुधा बायोसमधूनच येते. ही दुरुस्ती प्रोसेसरवर कायमची कोरली जात नाही. संगणक सुरू होताना दर वेळी ती नव्यानं भरली जाते.

व्होल्टेजचा आणि स्थिरतेचा संबंध साधा आहे. प्रोसेसर सेकंदाला अब्जावधी वेळा शून्य की एक याचा निर्णय घेतो. व्होल्टेज कमी पडलं, तर एखादा निर्णय चुकतो आणि संगणक हँग होतो किंवा निळा पडदा दिसतो. व्होल्टेज जास्त झालं, तर आज सगळं सुरळीत वाटतं, पण आतलं सर्किट हळूहळू झिजतं. तेव्हा बायोसमधला एक चुकीचा आकडा संगणक अस्थिर करू शकतो आणि हार्डवेअर कायमचं बिघडवूही शकतो.

याची दोन उदाहरणं अगदी अलीकडची आहेत. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर, विशेषतः एक्स-थ्री-डी प्रकारचे, सॉकेटसकट जळाल्याच्या बातम्या आल्या. त्यावर एएमडीनं बोर्ड बनवणाऱ्यांना नवं फर्मवेअर दिलं आणि प्रोसेसरमधल्या एका भागाचं, ज्याला एसओसी म्हणतात, व्होल्टेज १.३ व्होल्टच्या वर जाऊ नये अशी मर्यादा घातली. म्हणजे इथे बायोस अपडेट हे प्रोसेसर वाचवण्याचं साधन ठरलं.

दुसरं उदाहरण इंटेलचं. तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर घेणाऱ्यांना विचित्र अनुभव येऊ लागले. गेम सुरू करताना 'ग्राफिक्सची मेमरी अपुरी' असा संदेश यायचा. मेमरी भरपूर असायची आणि ग्राफिक्स कार्डही धडधाकट असायचं. दोष प्रोसेसरमध्ये होता. दाबून ठेवलेली फाइल उलगडताना त्याची गणितं चुकत होती. सुरुवातीला संशय बोर्ड बनवणाऱ्यांवर गेला, कारण अनेक बोर्डांनी वेगाच्या चढाओढीत विजेच्या मर्यादा सैल सोडल्या होत्या. जुलै २०२४ मध्ये इंटेलनं जाहीर केलं, की मायक्रोकोडमधल्या दोषामुळे प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतो आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या दुरुस्तीनं ही मागणी १.५५ व्होल्टवर रोखली, आणि सप्टेंबरमध्ये तिच्यात आणखी भर पडली. पण इंटेलनं एक गोष्ट तेव्हाच स्पष्ट केली होती, ती ध्यानात ठेवा. जो प्रोसेसर आधीच झिजला आहे, तो अपडेटनं बरा होत नाही. तो बदलूनच घ्यावा लागतो. त्यासाठी कंपनीनं या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

मग प्रत्येक अपडेट आलं की लगेच करावं का? नाही. जानेवारी २०१८ आठवा. स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरमधले सुरक्षेचे दोष जगजाहीर झाले आणि घाईघाईनं मायक्रोकोडच्या दुरुस्त्या आल्या. त्या बसवल्यावर चांगले चालणारे संगणक आपोआप रीस्टार्ट होऊ लागले. शेवटी २२ जानेवारीला इंटेललाच सांगावं लागलं, की त्या दुरुस्त्या तूर्त बसवू नका. तेव्हा नवं अपडेट आल्यावर, तातडी नसेल, तर दोन-तीन आठवडे थांबणं शहाणपणाचं. इतरांचा अनुभव तोवर कळतो.

अपडेटचा उपयोग कुठे होतो आणि कुठे नाही, याचे दोन नमुने माझ्या पाहण्यातले आहेत. एका डीटीपीवाल्या गृहस्थांचं मशीन दिवसातून तीनदा हँग व्हायचं. लग्नसराईचे दिवस, पत्रिकांची कामं तुंबलेली. त्यांनी दोनदा फॉरमॅट मारलं, रॅम बदलली, एसएमपीएस बदलला. बोर्डाच्या नव्या बायोसच्या टिपणात 'मेमरी सुसंगतता सुधारली' अशी एक ओळ होती. ते अपडेट केल्यावर मशीन शांत झालं. आधी गेलेले पैसे मात्र वाया गेले. दुसऱ्या एका क्लासमधला संगणक दुपारीच बंद पडायचा. तिथेही अपडेटची घाई चालली होती. झाकण उघडलं, तर पंख्याच्या जाळीवर धुळीचा थर! ब्रशनं तो साफ केला, विषय संपला. उष्णता, सैल वायर, फुगलेला कपॅसिटर यांवर बायोस अपडेट हा इलाज नाही.

आता प्रत्यक्ष करायचं कसं? आधी बोर्डाचं नेमकं मॉडेल आणि रिव्हिजन क्रमांक बघा, तो बोर्डावरच छापलेला असतो. विंडोजमध्ये 'सिस्टीम इन्फॉर्मेशन' उघडलंत, तर 'बायोस व्हर्शन, डेट' या ओळीत सध्याची आवृत्ती दिसेल. फाइल बोर्ड बनवणाऱ्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या, आणि सोबतचं टिपण वाचा. महत्त्वाच्या कामाची प्रत वेगळ्या डिस्कवर काढा. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा. अपडेटनंतर संगणक ती मागू शकतो, आणि ती नसेल, तर स्वतःच्याच फाइली आपल्याला परक्या होतात. बायोसमधल्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढा, कारण अपडेटनंतर ती बहुधा मूळपदावर जातात.

वीज हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. तेव्हा यूपीएस हवाच. लॅपटॉप असेल, तर बॅटरी भरलेली आणि चार्जर जोडलेला हवा. एकदा काम सुरू झालं, की कशालाही हात लावू नका. डीडीआर-५ मेमरीच्या नव्या बोर्डांवर अपडेटनंतर पहिल्यांदा सुरू होताना पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. बोर्ड त्या वेळी मेमरीची जुळणी करत असतो. घाबरून बटण दाबणारे इथेच घोटाळा करतात.

आणि समजा फसलंच, तर बोर्ड लगेच भंगारात टाकू नका. अनेक नव्या बोर्डांवर बंद अवस्थेतच पेन ड्राइव्हवरून बायोस लिहिण्याचं खास बटण असतं. काहींवर बायोसची दुसरी चिप असते. तेही नसेल, तर चिप प्रोग्रॅमरवर पुन्हा लिहून देणारे कारागीर शहरातल्या दुरुस्तीबाजारात सापडतात.

थोडक्यात, जुना नियम फक्त थोडा दुरुस्त करायचा. चालतंय म्हणून हात लावू नका हे खरं, पण नवं बायोस कशासाठी आलं आहे हे वाचल्याशिवाय तसं ठरवू नका. टिपणात सुरक्षेचा, व्होल्टेजचा किंवा तुम्हाला होणाऱ्या त्रासाचा उल्लेख असेल, तर अपडेट करा. नुसता नव्या प्रोसेसरला आधार दिला असेल आणि तुम्ही तो घेणार नसाल, तर सोडून द्या. मात्र तुमच्याकडे इंटेलचा तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा ६५ वॅट किंवा त्याहून अधिक क्षमतेचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल, तर आजच बायोसची तारीख बघा. ती ऑक्टोबर २०२४ च्या आधीची असेल, तर अपडेट लांबणीवर टाकू नका. आणि मशीन आत्ताच चुका करत असेल, तर अपडेटच्या भरवशावर बसू नका. खरेदीचं बिल शोधा आणि वॉरंटी आहे तोवर दुकानदाराकडे जा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)