गच्चीचे आवरण : आधी भार, मग टिकाऊपणा

गच्ची गळू लागली की अनेकदा जुन्या कोब्यावरच नवा थर चढविला जातो. हा उपाय घातक ठरू शकतो. विटांच्या तुकड्यांचा १० सेंटिमीटर जाडीचा कोबा दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार टाकतो. स्लॅब भक्कम असल्यास चायना मोझॅक बसविलेला कोबा ऊन-पावसात दीर्घकाळ टिकतो. जुन्या, लहान गच्चीसाठी मात्र हलके डांबरी मेम्ब्रेन अधिक योग्य. उन्हाने ते झिजते, म्हणून खनिजकणांचा पृष्ठभाग असलेले निवडावे. आवरण कोणतेही असो, पाणी साचू नये यासाठी मीटरमागे किमान १ सेंटिमीटर उतार हवाच. प्रथम स्लॅबमधील गंजलेल्या सळयांची दुरुस्ती आणि नंतर आवरण, हाच क्रम हितावह होय.