खाडीकाठचे शेजारी : पोकळ चिंबोरी

चिंबोरी घेताना जाणतं गिऱ्हाईक आधी ती उलटी करतं आणि पोटाकडचं कवच अंगठ्यानं दाबून बघतं. ठाण्यात असो की डोंबिवलीत, बाजारातला रिवाज हाच. कवच जरा दबलं की चिंबोरी पोकळ ठरते आणि टोपलीत परत जाते. शिजवली तर तिच्यातून मांस कमी आणि पाणीच जास्त निघतं. उपाशी असेल, आजारी असेल, असं लोक म्हणतात. खरं तर ती धडधाकट असते. तिनं नुकतीच कात टाकलेली असते.

मागच्या आठवड्यात तिवरांच्या मुळांबद्दल लिहिलं होतं. त्याच मुळांत चिंबोरीचं बालपण जातं. मादी अंड्यांतून पिल्लं सोडायला खाडीबाहेर समुद्राकडे जाते. पिल्लं आधी पाण्यात तरंगतात, रूपं बदलतात आणि भरतीबरोबर खाडीत येतात. चिखलात उतरलेलं पहिलं खेकडारूप जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असतं. तिथून पुढची सगळी वाढ टप्प्याटप्प्यानं होते, कारण कवच ताणलं जात नाही. दोन कातींच्या मधल्या काळात चिंबोरी कितीही खाऊ दे, तिची रुंदी तसूभरही वाढत नाही.

कात कधी टाकायची, हे डोळ्यांच्या देठांत ठरतं. तिथली ग्रंथी एक संप्रेरक सोडून कात रोखून धरते. हा लगाम सैल झाला की शरीराच्या पुढच्या भागातली दुसरी ग्रंथी कामाला लागते. जुन्या कवचातलं काही कॅल्शियम रक्तात ओढून घेतलं जातं आणि खाली नवं, मऊ, चुण्याचुण्यांचं आवरण तयार होतं. मग अंगात पाणी भरतं, पाठीच्या मागच्या कडेला कवच उकलतं आणि चिंबोरी उलट्या दिशेनं, मागं सरकत बाहेर येते. सगळ्यात कठीण काम नांग्यांचं. फुगीर नांगीचं मांस सांध्याच्या अरुंद वाटेतून ओढून काढायचं असतं. त्यासाठी नांगीतले स्नायू आधीच आकसलेले असतात. डोळ्यांवरचं आवरण, कल्ल्यांवरचं पातळ अस्तर, जठरातले अन्न दळणारे दातसुद्धा जुन्या कातीबरोबर जातात. मागं राहिलेली कात इतकी हुबेहूब असते की ओहोटीला चिखलात दिसली तर मेलेला खेकडाच वाटावा.

बाहेर आलेली चिंबोरी पाणी शोषून काही तासांत फुगते आणि त्या मापावर नवं कवच टणक होत जातं. म्हणजे माप आधी वाढतं, मांस मागाहून भरतं. बाजारातली पोकळ चिंबोरी या मधल्या दिवसांतली असते. अमावास्येची चिंबोरी भरलेली आणि पुनवेची पोकळ, हे खाडीकाठी सर्रास ऐकू येतं. पण उधाण दोन्ही वेळेला येतं, तेव्हा नुसत्या भरतीवर याचं खापर फोडता येणार नाही. माझा भरवसा अंगठ्यावरच.

लहान वयात कात काही दिवसांच्या अंतरानं पडते. पुढं आठवडे लागतात, मोठेपणी महिने. तुटलेली नांगी परत येते तीही कातीतूनच. तुटल्या जागी आधी एक बारीक कोंब दुमडून बसतो, कात पडली की तो उलगडतो. पहिल्यांदा नांगी बहुधा आखूड असते, पुढच्या कातींत भरून येते. म्हणून पिल्लाचं नुकसान लवकर भरतं, म्हाताऱ्या खेकड्याला मात्र वाट बघावी लागते.

मऊ अंगाचे दिवस जिवावरचे. मासे आणि पक्षी तर टपलेले असतातच, पण सख्खे जातभाईही खातात. शेततळ्यात एकत्र सोडलेले लहान खेकडे एकमेकांना फस्त करतात, म्हणून पाळणारे त्यांना आडोसा देतात किंवा वेगवेगळे ठेवतात. खाडीत हा आडोसा तिवरं देतात. ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. बातम्यांत रोहित पक्षी गाजले. चिंबोरीच्या पिल्लांचा त्यातला फायदा कुणी मोजला नाही.

आपल्याकडे थंडी अशी नाहीच की वाढ थांबावी. ऋतू जाणवतो तो पाण्याच्या खारेपणात. काळू आणि भातसाचं पाणी घेऊन उल्हास पावसाळ्यात फुगते आणि कल्याण-डोंबिवलीकडची खाडी जवळजवळ गोडी होते. चिंबोरीला हा फरक बराच पेलतो.

येऊरच्या ओढ्यांत किंवा मलंगगडाच्या पायथ्याच्या शेतांत पहिल्या पावसात बत्ती घेऊन पकडतात त्या मुठ्यांची, म्हणजे गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची, तऱ्हा वेगळी. त्यांची पिल्लं समुद्र बघतच नाहीत. अंड्यातून थेट इवला मुठा निघतो आणि काही काळ आईच्या पोटाखालीच राहतो. मुठे पकडणाऱ्यांनी मादी उलटून बघावी आणि पोटाखाली पिल्लं वळवळताना दिसली तर सोडून द्यावी. एवढ्यानं कालवणाचं काही बिघडत नाही. गोड्या पाण्यात कॅल्शियम बेताचं, त्यामुळे हे खेकडे टाकलेली कात बऱ्याचदा खाऊन टाकतात.

चिंबोरीची मादी नरासाठी तयार होते तीसुद्धा एका कातीनंतरच, अंग मऊ असताना. नर आधीपासून तिला पोटाखाली धरून राखण करतो. त्या कातीत तिच्या पोटाखालची निमुळती झडप रुंद, गोल होते. त्या झडपेखाली लाखो अंडी घेऊन ती समुद्राकडे कशी जाते, ते पुढच्या भागात.