खोडण्यापेक्षा झाकलेले बरे!

घरातील वडीलधारी व्यक्ती निवर्तली, की भिंतीवर लावण्यासाठी छायाचित्राची शोधाशोध सुरू होते. अनेकदा हाती लागते ते एखाद्या लग्नातील समूहछायाचित्र. त्यातून आजींची छबी तेवढी वेगळी काढून द्यावी, अशी मागणी फोटो स्टुडिओत नेहमीच होते. घाईच्या कामात मागची माणसे ‘इरेझर’ने खोडली जातात, फाइल ‘सेव्ह’ होते आणि त्याबरोबर कपाळावरच्या विरळ बटाही जातात. चेहरा कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसू लागतो. मूळ प्रत जपलेली नसेल, तर ही चूक सुधारता येत नाही. ती टाळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ‘मास्क’.

मास्क म्हणजे छायाचित्रावर घातलेला पडदा. तो पांढरा, काळा आणि करडा एवढ्याच छटांत रंगवता येतो. पांढऱ्या भागातील चित्र दिसते, काळ्या भागातील लपते, तर करड्या भागातील चित्र अर्धपारदर्शक होते. नेहमीच्या ८ बिटच्या फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अशा २५६ पायऱ्या असतात. महत्त्वाचे म्हणजे, लपलेला भाग नष्ट होत नाही. त्यावर पांढरा ब्रश फिरवताच तो पुन्हा प्रकट होतो.

ही कल्पना संगणकाच्या आधीची आहे. छपाईच्या व्यवसायात नको असलेला भाग झाकण्यासाठी ‘रुबीलिथ’ नावाची तांबडी फिल्म हाताने कापून लावत असत. फोटोशॉपमधील ‘क्विक मास्क’चा तांबडा थर ही त्याचीच आठवण. १९९० मध्ये आलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘लेअर’ आले. मास्क जोडला जातो तो या लेअरलाच.

कामाची सुरुवात ‘सिलेक्शन’ने, म्हणजे हवा तो भाग निवडण्याने होते. पार्श्वभूमी एकाच रंगाची असेल, तर ‘मॅजिक वँड’ पुरते. खांदा किंवा पदराचा काठ अशा स्पष्ट कडांसाठी ‘पेन टूल’ अधिक नेमके. २०१८ पासून फोटोशॉपमध्ये ‘सिलेक्ट सब्जेक्ट’ या आज्ञेने मुख्य व्यक्ती आपोआप निवडता येते. मात्र जुन्या कृष्णधवल छायाचित्रात काळे केस काळोख्या पार्श्वभूमीत मिसळलेले असतील, तर तेथे यंत्राची नजर फसते. हाताचे काम उरतेच.

निवड झाल्यावर लेअर पॅनेलच्या तळाशी असलेले, आयतात वर्तुळ काढलेले बटण दाबावे. निवडलेल्या भागाचा मास्क तयार होतो. त्यानंतर मऊ ब्रशने केसांची कड सावकाश दुरुस्त करावी. ‘एक्स’ ही कळ दाबली, की ब्रशचा रंग काळ्याचा पांढरा आणि पांढऱ्याचा काळा होतो. केसांच्या कडेवरील एकाच पिक्सेलमध्ये केस आणि पार्श्वभूमी या दोहोंचे रंग मिसळलेले असतात. म्हणूनच तेथे निव्वळ काळे-पांढरे चालत नाही, करडी छटा लागते. काम संपताना छबीखाली एकदा पांढरा आणि एकदा काळा थर ठेवून पाहावे. राहिलेली किनार लगेच उघडी पडते.

अखेरची काळजी साठवणीची. ‘जेपेग’ फाइलमध्ये लेअर आणि मास्क टिकत नाहीत. त्यासाठी ‘पीएसडी’ फाइलच ठेवावी. विनामूल्य मिळणाऱ्या ‘गिंप’मध्येही मास्कचे तत्त्व हेच असून, त्याची फाइल ‘एक्ससीएफ’ असते. जेपेग फक्त छपाईसाठी काढावी आणि स्कॅन केलेली मूळ प्रत वेगळी जपावी. वर्षभराने घरातल्या कोणाला शेजारी उभे असलेले आजोबाही त्याच चौकटीत हवेसे वाटले, तर ते पडद्याआड तसेच उभे असतील.