अदृश्य वर्णचिन्हे, संगणकीय
संगणकीय मजकुरात स्वतंत्र संकेतांक असलेली, परंतु पडद्यावर वा छापील पृष्ठावर स्वतःची आकृती न उमटविणारी चिन्हे. शेजारच्या अक्षरांचे रूप ठरविणे किंवा रिकाम्या घटकाची जागा भरणे, हे त्यांचे कार्य होय.

संगणक अक्षराची आकृती न साठविता तिला नेमून दिलेला अंक साठवितो. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत (पहिली आवृत्ती १९९१) ‘र’ चा संकेतांक दशमान पद्धतीने २३५२, हलन्त चिन्हाचा २३८१ व ‘य’ चा २३५१ आहे. हे तीन अंक या क्रमाने आले म्हणजे रफारयुक्त ‘र्य’ उमटतो.

मराठीचे एवढ्याने भागत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, तर ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. पहिल्या शब्दात ‘द’ वर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. हा आघातरहित ‘र’ मुख्यतः ‘य’ व ‘ह’ यांपूर्वी आडव्या वक्र चिन्हाने लिहितात. रत्नागिरी जिल्ह्यातील अंजनवेल या वाशिष्ठी नदीच्या मुखाजवळील गावाचे साधे वर्णन करतानाही ‘किनाऱ्यावर’, ‘खाऱ्या’, ‘वाऱ्याने’ असे शब्द येतात. त्या प्रत्येकात हे चिन्ह लागते.

त्याच्या संकेतनाचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात ‘र’ व हलन्त यांपुढे शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह (८२०५) घालतात. दुसऱ्यात द्राविडी भाषांतील विशिष्ट ‘र’ च्या लिप्यंतरासाठी असलेले ‘ऱ’ (२३५३) हे अक्षर हलन्तासह वापरतात. त्यात अदृश्य चिन्ह लागत नाही. त्यामुळे ‘दऱ्या’ हा शब्द पहिल्या मार्गाने सहा व दुसऱ्या मार्गाने पाच संकेतांकांचा होतो. वाचकास मात्र दोन्ही रूपे सारखीच दिसतात.

अडचण येथेच उद्‌भवते. अदृश्य चिन्ह निरुपयोगी समजून गाळल्यास ‘दऱ्या’ चे ‘दर्या’ होते व अर्थ पालटतो. शोधप्रणालीने अंकांची जशीच्या तशी तुलना केल्यास एका मार्गाने लिहिलेला ‘किनाऱ्यावर’ हा शब्द दुसऱ्या मार्गाने लिहिलेल्या दप्तरात सापडत नाही. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनी ही दोन रूपे एक होत नाहीत. म्हणून कोश, अभिलेख व ग्रंथसूची यांच्या शोधप्रणालीत तुलनेपूर्वी ती जाणीवपूर्वक एका रूपात आणावी लागतात.

अशी चिन्हे अन्य संकेतांतही आढळतात. भारतीय मानक ब्यूरोच्या इस्की संकेतात (१९९१) मात्रेसारखी चिन्हे व्यंजनाविना दाखविण्यासाठी ‘अदृश्य व्यंजन’ ठेवले होते. कोरियन हंगुल लिपीत व्यंजन व स्वर एका चौकटीत रचून अक्षर होते. कोरियाच्या १९८७ च्या राष्ट्रीय संकेतात अशी २,३५० अक्षरे तयार होती. उरलेली अक्षरे पूरक चिन्हाने आरंभ होणाऱ्या घटकांच्या क्रमाने दर्शविता येत. हे पूरक चिन्ह युनिकोडमध्येही (१२६४४) आहे. त्याची गणना रिक्त जागेत न होता वर्णांत होते. त्यामुळे रिक्त जागा तेवढ्या वगळणाऱ्या प्रणालीतून ते निसटते आणि नावाचा रकाना कोरा दिसूनही भरलेला ठरतो.

सारांश, डोळ्यांना न दिसणारे प्रत्येक चिन्ह अनावश्यक नसते. मराठीपुरते पाहता ते कधी शब्दाच्या अर्थाचाच भाग असते.