बेस्टचं भाडं आणि मुंबईचे उमेदवार

मुंबईची बससेवा चालवणारी बेस्ट 7 ऑगस्ट 1947 पासून महापालिकेची आहे, म्हणजे तिच्या भाड्यावर नगरसेवकांचा शब्द चालायला हवा. पण मार्च 2022 मध्ये त्यांची मुदत संपली आणि मतदान थेट 15 जानेवारी 2026 ला झालं. मधल्या काळात कारभार प्रशासकाकडे होता; तेव्हाच, 9 मे 2025 पासून, साध्या बसचं किमान भाडं 5 वरून 10 रुपये झालं, वातानुकूलित बसचं 6 वरून 12. रोज बसने कामाला जाणाऱ्यांवर हा घावच होता.

प्रचारात महायुतीने महिलांना निम्म्या भाड्याचं आश्वासन दिलं, ठाकरे बंधूंनी किमान भाडं पुन्हा 5 रुपये करण्याचं. 2019 मध्ये 8 रुपयांचे 5 झाले होते, ते महापालिकेने पैसे दिले म्हणून. त्यामुळे उमेदवाराला विचारायला हवं होतं ते हे: अर्थसंकल्पातून बेस्टला दरवर्षी किती देणार?