सर्व्हरचीही नाडी रोज तपासायला हवी

केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड... रुग्णालयातील बहुतेक नोंदी आता संगणकावर गेल्या आहेत. या नोंदी ज्या सर्व्हरवर साठतात, तो एखाद्या बंद, थंड खोलीत ठेवलेला असतो. चालू असेपर्यंत त्याची आठवण कोणाला होत नाही. तो बंद पडला की मात्र नोंदणीच्या खिडकीपुढे रांग वाढते आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरील रुग्णाचे हिमोग्लोबिन विचारायला माणसाला लॅबपर्यंत धावत जावे लागते.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये असेच घडले. रॅन्समवेअरच्या हल्ल्यात तेथील पाच सर्व्हर निकामी झाले. ओपीडी, भरती आणि तपासण्यांचे काम सुमारे दोन आठवडे कागद-पेनावर चालवावे लागले. तरीही रुग्णांच्या नोंदी परत मिळाल्या, कारण एक बॅकअप सर्व्हर या हल्ल्यातून वाचला होता. सरकारने संसदेत तसे सांगितले. रुग्णांचा वैद्यकीय इतिहास वाचला तो नोंदींची एक प्रत धड राहिली म्हणून.

अशी प्रत रोज, न चुकता निघावी यासाठी काय करावे लागते? महागडे सॉफ्टवेअर हे एक उत्तर आहे. पण त्याहून जुने, जवळपास फुकट आणि भरवशाचे दुसरे उत्तर म्हणजे कमांड लाइन आणि स्क्रिप्ट.

काळ्या पडद्यावरची भाषा

माऊसने चित्रांवर टिचक्या मारण्याऐवजी संगणकाला थेट अक्षरांत आज्ञा द्यायची, याला कमांड लाइन म्हणतात. अशा अनेक आज्ञा एका फाइलमध्ये क्रमाने लिहून ठेवल्या की स्क्रिप्ट तयार होते. वॉर्डात राउंडनंतर डॉक्टर लेखी सूचना देतात आणि सिस्टर त्या क्रमाने पाळतात, तसेच हे आहे. फरक इतकाच, की संगणक कंटाळत नाही, विसरत नाही आणि रजेवर जात नाही.

या पद्धतीचे खरे बळ ‘पाइप’मध्ये आहे. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये डग मॅक्लरॉय यांनी ही कल्पना लावून धरली आणि १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी ती युनिक्समध्ये उतरवली. एका आज्ञेचे उत्तर थेट दुसऱ्या आज्ञेच्या हाती द्यायचे, ही ती कल्पना. प्रत्येक आज्ञा एकच छोटे काम करते, पण साखळी जोडली की मोठे काम उरकते. आज जगभरातील सर्व्हर याच तत्त्वावर सांभाळले जातात.

रोजच्या तीन तपासण्या

रुग्णाची नाडी, तापमान आणि रक्तदाब रोज पाहतात. सर्व्हरच्या बाबतीतही तीन गोष्टी रोज पाहाव्यात.

पहिली म्हणजे डिस्कवरील जागा. डिस्क शंभर टक्के भरली की डेटाबेसला नवी नोंद लिहिता येत नाही आणि यंत्रणा अचानक ठप्प होते. ‘डीएफ’ ही आज्ञा किती जागा उरली ते सांगते. ‘डीयू’ कोणत्या फोल्डरने किती जागा व्यापली ते सांगते. तिचे उत्तर पाइपने ‘सॉर्ट’कडे दिले की सर्वांत खादाड फोल्डर एका क्षणात कळतात. जागा ऐंशी टक्क्यांपुढे गेली की ईमेल पाठवणारी स्क्रिप्ट दहा-बारा ओळींत होते. शंभर टक्क्यांची वाट पाहणे म्हणजे ताप १०५ वर गेल्यावर थर्मामीटर शोधणे.

दुसरी तपासणी लॉगची. सर्व्हर आपल्या प्रत्येक हालचालीची डायरी ठेवतो. हजारो ओळींची ही डायरी माणसाला वाचणे अशक्य असते. ‘ग्रेप’ ही आज्ञा तिच्यातून हव्या त्या शब्दाच्या ओळी तेवढ्या वेचून काढते. चुकीचा पासवर्ड टाकल्याच्या नोंदी वेचल्या, त्यांतले पत्ते वेगळे काढले, ‘सॉर्ट’ने एकत्र आणले आणि ‘युनिक’ने मोजले, की रात्री दोन वाजता एकाच पत्त्यावरून कोणी पाचशे वेळा दार ठोठावत होते का, ते सकाळी चहाच्या आत कळते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची तपासणी बॅकअपची. ‘आरसिंक’ ही आज्ञा फक्त बदललेल्या फाइल दुसऱ्या यंत्रावर नेते, त्यामुळे काम लवकर उरकते. ‘क्रॉन’ हा संगणकाचा अलार्म ती रोज ठरल्या वेळी चालवतो. पण एकाच प्रतीवर रोज नवी प्रत चढवत राहिले, तर रॅन्समवेअरने बिघडवलेल्या फाइलही इमानेइतबारे चांगल्या फाइलच्या जागी जाऊन बसतात. म्हणून प्रत्येक प्रतीला तारखेचे नाव द्यावे, काही दिवसांच्या प्रती राखाव्यात आणि किमान एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तोडलेली असावी.

कोरा चार्ट म्हणजे ताप नाही असे नव्हे

स्क्रिप्ट लावली की निश्चिंत झालो, हा समज मात्र घातक आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत दुय्यम सर्व्हरवरील डेटा पुसायला निघालेल्या अभियंत्याने ती आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर दिली. सुमारे ३०० जीबी डेटा बघता बघता गेला. बॅकअप शोधायला गेल्यावर कळले, की रोजचा बॅकअप आवृत्त्यांच्या घोळामुळे होतच नव्हता. अपयश कळवणारे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते, त्यामुळे कोणाला पत्ता नव्हता. सुमारे सहा तासांपूर्वी एका वेगळ्या कामासाठी काढलेल्या प्रतीने कंपनीला तारले. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. कंपनीने हे सारे स्वतःच जाहीर केले, म्हणून जगाला त्यातून शिकता आले.

तापाचा चार्ट कोरा असेल तर रुग्णाला ताप नाही असे कोणी समजत नाही. तपासलेच नाही, असे समजतात. स्क्रिप्टलाही हाच नियम लावावा. तिने बिघाड झाल्यावरच नव्हे, तर काम नीट झाल्यावरही रोज एक ओळ कळवावी. ती ओळ आली नाही, की तोच धोक्याचा इशारा. शिवाय महिन्यातून एकदा बॅकअपमधून काही फाइल खरोखर परत काढून, उघडून पाहाव्यात. परत मिळवून न पाहिलेला बॅकअप हा नुसता अंदाज असतो.

आधी टेस्ट डोस

स्क्रिप्ट आज्ञाधारक असते, पण तिला तारतम्य नसते. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरील ‘स्टीम’ या गेमच्या सॉफ्टवेअरमधील एक चूक गाजली. फोल्डरचा पत्ता ज्या नावात साठवायचा, ते नाव काही वेळा रिकामे राहत होते. त्यामुळे ‘या फोल्डरमधील सर्व पुसा’ ही आज्ञा ‘संगणकावरील सर्व पुसा’ अशी झाली. तक्रार करणाऱ्या वापरकर्त्याच्या फाइल तर गेल्याच, पण संगणकाला जोडून ठेवलेल्या डिस्कवरचा बॅकअपही गेला.

हे टाळण्याचे उपाय साधे आहेत. बॅशमध्ये अशा नावाला कोलन आणि प्रश्नचिन्ह जोडले, की ते रिकामे असताना स्क्रिप्ट तिथेच थांबते. पुसणारी कोणतीही आज्ञा आधी ‘इको’ लावून चालवावी. मग फाइल पुसल्या जात नाहीत, काय पुसले जाणार ते फक्त पडद्यावर दिसते. ‘आरसिंक’मध्ये यासाठी ‘ड्राय रन’ची सोय आहे. पेनिसिलिनच्या आधी टेस्ट डोस देतात, त्यातलाच हा प्रकार. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवू नये आणि रुग्णांची नावे ईमेलच्या अहवालात जाऊ देऊ नयेत, हेही तितकेच महत्त्वाचे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी सुरक्षा-यादी आणली. पुढच्या वर्षी आठ शहरांतील आठ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यादी वापरल्यावर तेथील मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले होते. यादीत नवे काही नव्हते. माहीत असलेल्याच गोष्टी प्रत्येक वेळी, न विसरता करायच्या होत्या. स्क्रिप्टही अशीच यादी आहे, संगणकाने स्वतः वाचून पाळलेली.

प्रत्येक रुग्णालयाला, अगदी दहा खाटांच्या नर्सिंग होमलाही, आपल्या संगणक सांभाळणाऱ्याला तीन प्रश्न विचारता येतील. कालचा बॅकअप झाला का? तो कुठे आहे? आणि त्यातून शेवटची फाइल परत काढून कधी पाहिली? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तारखेसह मिळाले नाही, तर ते काम आजच सुरू करावे.