मेलेली माणसे चालू लागतात तेव्हा...

मे महिन्याच्या सुट्टीत मुंबई-डोंबिवलीचे चाकरमानी मालवणला आले की आमच्या बौद्धवाडीतली घरे भरून जातात. दिवसभर आंबे-फणस, चिवल्याच्या किनाऱ्यावर पाण्यात डुंबणे आणि रात्री जेवणे आटोपली की ओटीवर मोबाईलभोवती पोराटोरांचा घोळका. एकदा असाच घोळका जमला होता आणि पोरे झोंबीचा पिक्चर बघत होती. माझी आई ऐंशी ओलांडलेली. तिने मान पुढे काढून पाहिले आणि विचारले, ‘‘मेलेलो माणूस खय उठता रे? बाबासाहेबांनी सांगल्यानी ना, भूत-बीत काय नसता म्हणान!’’

डोंबिवलीत वाढलेला नातू म्हणाला, ‘‘आजी, हे भूत नाही. झोंबी आहे.’’

पोराने सहज उत्तर दिले, पण त्यात एक महत्त्वाचा भेद आहे. आपल्या घरांतून भयपट सर्रास पाहिले जातात आणि वर्तमानपत्रांतून त्यांची परीक्षणेही येतात. ती परीक्षणे वाचून काय कळते, तर पिक्चर घाबरवतो की नाही, रक्त किती सांडते, तिकिटाचे पैसे वसूल होतात का. आपल्यासारख्यांना ज्या गोष्टीत खरा रस असायला हवा ती बहुधा त्यात नसते. म्हणून आज या पानावर थोडे वेगळे परीक्षण करावे असे वाटते. पिक्चरचे, आणि पिक्चरचे परीक्षण करणाऱ्यांचेही!

प्रथम झोंबी म्हणजे काय ते पाहू. या कल्पनेचे मूळ हैती बेटावरचे. तिथे फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिकेतून माणसे पकडून आणली आणि उसाच्या मळ्यांत गुलाम म्हणून राबवली. या गुलामांना मरणाची भीती नव्हती. भीती होती ती मेल्यावरही सुटका न होण्याची! कोणी मांत्रिक आपले मढे उठवील आणि मन नसलेले, तोंड नसलेले ते शरीर मालकाच्या मळ्यात कायमचे राबत राहील, ही ती भीती. गुलामांनी बंड करून १८०४ साली हैती स्वतंत्र केले, पण झोंबीची गोष्ट मागे उरली. १९३२ साली अमेरिकेत ‘व्हाइट झोंबी’ नावाचा बोलपट निघाला. त्यात साखरेच्या गिरणीत मुकाट राबणारी मढी दाखवली आहेत. वेठबिगारी ज्यांच्या पूर्वजांनी भोगली, महारकीची कामे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी मोबदल्यावाचून केली, त्यांना हे चित्र परके वाटू नये.

पुढे या गोष्टीला वेगळेच वळण मिळाले. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात जाहिरातपट करणाऱ्या काही तरुणांनी पैसे जमवून एक कृष्णधवल चित्रपट काढला. नाव ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’, दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो. खर्च जेमतेम सव्वा लाख डॉलरच्या आत. १ ऑक्टोबर १९६८ रोजी तो पिट्सबर्गमध्ये लागला. गोष्ट एवढीच, की मेलेली माणसे उठून जिवंतांना खाऊ लागतात आणि सातजण एका शेतघरात अडकतात. त्यात बेन नावाचा एक तरुण असतो. तोच दारे-खिडक्या फळ्यांनी ठोकतो, तोच बाकीच्यांना धीर देतो. बेन कृष्णवर्णीय आहे. ड्युएन जोन्स हा रंगभूमीवरचा नट आणि शिक्षक या भूमिकेत होता. भूमिका लिहिताना रंगाचा विचार केलेला नव्हता, चाचणीत तो सर्वांत सरस ठरला म्हणून त्याला घेतले, असे रोमेरो नेहमी सांगत. त्या काळी गोऱ्या माणसांच्या घोळक्यात काळ्या माणसाने हुकूम सोडावेत आणि चित्रपटात त्याबद्दल कोणी चकार शब्दही काढू नये, ही साधी गोष्ट नव्हती.

शेवट ऐका. (ज्यांना पिक्चर बघायचा असेल त्यांनी हा परिच्छेद गाळावा.) आतली माणसे एकेक करून मरतात. बेन एकटा तळघरात रात्र काढतो. सकाळी बंदुका आणि कुत्री घेऊन गोऱ्यांची टोळी मढी टिपत टिपत येते. सुटका झाली अशा आशेने बेन खिडकीपाशी येतो. टोळीतला एकजण नेम धरतो आणि त्याला गोळी घालतो. तो माणूस आहे की मढे, याची चौकशीही कोणी करत नाही. मग आकड्यांनी ओढून त्याचे प्रेत जाळावर टाकतात. हा भाग स्थिर छायाचित्रांतून दाखवला आहे. काळ्या माणसांना झुंडीने मारून शेजारी उभ्या राहिलेल्या गोऱ्यांची जुनी छायाचित्रे अमेरिकेत घरोघरी माहीत होती, त्यांचीच ही आठवण. रोमेरो चित्रपटाचे रीळ गाडीत घालून न्यूयॉर्कला विकायला नेत होते, त्याच रात्री रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनाची बातमी आली. तारीख होती ४ एप्रिल १९६८.

आता परीक्षकांनी काय पाहिले ते बघा. ‘व्हरायटी’ या सिनेधंद्याच्या पत्राने चित्रपट क्रूरतेचा अतिरेक म्हणून झोडपला आणि तो बनवणाऱ्यांच्या नीतीवरच शंका घेतली. शिकागोचे तरुण परीक्षक रॉजर इबर्ट यांनी जानेवारी १९६९ मध्ये दुपारच्या खेळाला आलेल्या लहान मुलांचे वर्णन लिहिले. आधी आरडाओरडा, मग हळूहळू पसरलेली शांतता आणि शेवटी रडू. त्यांचा राग मुलांना आत सोडणाऱ्या थिएटरवर आणि मुलांना तिथे पाठवणाऱ्या पालकांवर होता आणि तो योग्यच होता. ‘रीडर्स डायजेस्ट’ने हा लेख पुन्हा छापला आणि चित्रपटाची बदनामी आणखी पसरली.

पण बेनचे काय? एका निरपराध काळ्या माणसाला ‘मढे’ समजून मारले, ते का, हा प्रश्न त्या पहिल्या ओरड्यात दबून गेला. तो उचलला नंतरच्या समीक्षकांनी आणि युरोपातल्या नियतकालिकांनी. मध्यरात्रीच्या खेळांना तरुणांची गर्दी होऊ लागली. १९७० साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तो दाखवला आणि १९९९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदणीत त्याला स्थान मिळाले. एक गंमतही झाली. ऐन वेळी नाव बदलताना नव्या नावाच्या पाटीवर स्वामित्वहक्काची सूचना घालायची राहून गेली आणि हक्क बुडाला. त्यामुळे आज हा चित्रपट कोणालाही फुकट पाहता येतो. गरिबांच्या घरात तो पोहोचला याला ती चूकही कारणीभूत आहे.

आमच्या ओटीवर चालला होता तो हाच पिक्चर. आईला इंग्रजी कळत नाही, पण शेवट कळला. तिने विचारले, ‘‘तेका कित्याक मारल्यानी?’’

‘‘झोंबी समजून, आजी.’’

‘‘इचारूक नाय? तो तर जितो होतो!’’

माझ्या मते १९६८ सालच्या नामांकित परीक्षकांना जे विचारायला सुचले नाही, ते या बाईने पहिल्या फटक्यात विचारले. ती लहानपणी मालवणच्या बाजारात गेली की चहाची वेगळी कपबशी स्वतः विसळून ठेवत असे. माणसाला माणूस न मानणे म्हणजे काय, हे तिला पुस्तकातून शिकावे लागले नाही. अमेरिकेतल्या काळ्यांचे आणि आपले नाते नवे नाही, हेही इथे आठवले पाहिजे. १९४६ साली खुद्द बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत नेते डुबॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती तिकडच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच.

आता आपल्या मराठीकडे येऊ. २६ जानेवारी २०२२ रोजी, ऐन प्रजासत्ताक दिनी, ‘झोंबिवली’ हा चित्रपट लागला. करोनामुळे तो आधी रखडला होता. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, प्रमुख भूमिकांत अमेय वाघ, ललित प्रभाकर, वैदेही परशुरामी. डोंबिवलीतल्या टॉवरमध्ये एक इंजिनिअर आणि त्याची गरोदर बायको राहायला येतात. शेजारीच पाण्यावाचून तडफडणारी जनता नगर झोपडपट्टी, आणि तिच्यासाठी भांडणारा विश्वास. मग माणसे झोंबी होऊ लागतात. रोग कुठून येतो ते सांगून मजा घालवत नाही.

‘मराठीतला पहिला झोंबीपट’ ही ओळख बहुतेक परीक्षणांत पुढे होती. हसवणूक जमली, रंगभूषा जमली, परदेशी धाटणी मराठी मातीत आणली, असे कौतुक झाले. ते रास्त आहे. कमी पैशांत असे धाडस करणे सोपे नाही, आणि अमेय वाघचा भेदरलेला पांढरपेशा मलाही आवडला. टॉवर आणि झोपडपट्टी यांतली दरीही परीक्षकांच्या नजरेतून सुटली नाही. पण माझ्या वाचनात आलेल्या परीक्षणांत ‘गरीब-श्रीमंत’ या शब्दांपुढे कोणी गेले नाही. मुंबई-ठाण्याच्या झोपडपट्टीत कोण राहते, नळाच्या रांगेत कोणाच्या बाया उभ्या असतात, हे त्यांना ठाऊक नाही काय? चित्रपटही हा प्रश्न हसण्यावारी नेतो असे मला वाटले. विनोदाची सवलत त्याला जरूर द्यावी, पण परीक्षकाने ती सवलत स्वतः घेऊ नये.

कारण पाणी म्हटले की आपल्या माणसाला महाड आठवते. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले म्हणून. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ले झाले आणि तळ्यात शेण-गोमूत्राचे १०८ घडे ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले. कोर्टाचा अंतिम निकाल यायला १९३७ साल उजाडले. झोंबीपटात चावा घेतला की माणूस बाटतो. इथे तर माणसांनी ओंजळभर पाणी प्याले तरी अख्खे तळे बाटले! स्पर्शाने पसरणारा रोग ही कल्पना हॉलिवूडने काढली असे ज्यांना वाटते, त्यांनी महाडचा इतिहास वाचावा. तो आपल्याच कोकणातला आहे.

आणि २०२० साल तरी कोण विसरेल? मुंबईहून निघालेले चाकरमानी खारेपाटणच्या नाक्यावर तासन् तास खोळंबले. गावात पोहोचले तरी घर नाही, शाळेच्या वर्गात चौदा दिवस. रोगाची भीती खरी होती, काळजी घेणे भागच होते. पण ज्या गावांची चूल एरव्ही चाकरमान्याच्या मनिऑर्डरीवर पेटत आली, त्याच गावांत काहींनी त्याच्याकडे मढ्याकडे बघावे तसे बघितले. त्या दिवसांत आई म्हणाली होती, आता सगळ्यांनाच कळेल. कळले का, ते मी सांगू शकत नाही.

कोणी म्हणेल, बौद्धांच्या घरात भुताखेताचे पिक्चर कशाला? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने श्राद्ध-पिंडदान सोडले, मग मढ्यांचे खेळ कशाला बघायचे? शंका बरोबर आहे आणि तिचे उत्तर कोकणातच आहे. आपल्या सिंधुदुर्गातल्या आकेरीच्या वाड्यात ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचे चित्रण झाले. २०१६ साली ती झी मराठीवर सुरू झाली आणि अंधश्रद्धा पसरवते, कोकणाची बदनामी करते, असे आक्षेप तिच्यावर घेतले गेले. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला होता, तेव्हा हे आक्षेप येणे साहजिक होते. मालवणी बोली घरोघरी गेली याचा आनंद मलाही झाला. पण अशा गोष्टी माणसाला ‘कदाचित खरे असेल’ असे वाटायला लावून अंगावर काटा आणतात. त्या गोष्टी ऐकून उद्या कोणी देवस्की करायला भगताकडे गेला तर नवल नाही.

शिवाय आपल्या भुतांनाही जात आहे, हे लक्षात घ्या. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला ब्राह्मणाचा मुलगा. समंध तोही ब्राह्मण. मेल्यावरही चातुर्वर्ण्य सुटत नाही! ‘झोंबिवली’वाल्या सरपोतदारांनीच २०२४ साली कोकणातल्या या मुंजावर हिंदी चित्रपट काढला आणि तो तुफान चालला. झोंबीला मात्र जात नाही, देव नाही, मंत्र नाही. तो खरा आहे असे कोणीही मानत नाही आणि त्याच्यासाठी कोणी कोंबडे कापत नाही. म्हणूनच त्याच्याकडे पाहता पाहता जिवंत माणसे एकमेकांशी कशी वागतात ते दिसते. दार कोण उघडते, कोण लावून घेते आणि बाहेर कोणाला ठेवले जाते, हे मुलांना नीट बघायला सांगावे.

आता घरच्यांसाठी थोडी व्यवहाराची गोष्ट. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ लहान मुलांना मुळीच दाखवू नये. इबर्ट यांनी वर्णन केलेली ती रडणारी मुले लक्षात ठेवावीत. आमच्या घरी धाकटी दोघे तेव्हा झोपली होती, तरी मोठ्यांपैकी एकजण पुढचे तीन दिवस विहिरीकडे एकटा गेला नाही. दहावीच्या पुढच्या मुलांनी मोठ्यांसोबत बघायला हरकत नाही. इंग्रजी संवाद मोजके आहेत, शेजारी बसून कोणी सांगितले तर आज्या-मावश्यांनाही गोष्ट कळते. ‘झोंबिवली’ त्या मानाने सौम्य आहे आणि घरात बसून एकत्र बघता येतो. फक्त जनता नगरातल्या नळाचा प्रसंग आला की मुलांना महाडचे साल विचारावे. आमच्या ओटीवर दोघांना आले, तिसऱ्याने १९५६ सांगितले. त्याला आजीने रात्रीच पुस्तक काढायला लावले.